सेकंदाला पंचवीस

बोट पहाटे चारला सुटणार.
आत्ता साडेअकरा.
ईसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर अजून बर्फाचे खोके चढताहेत
आणि मी स्वयंपाकघरात, काळ्या खिडकीपुढे,
जिथे फक्त एक पांढरा चौकोन लुकलुकतो
आणि म्हणतो, बोल.

बटणं नाहीत, चित्रं नाहीत. सगळं शब्दांत सांगायचं.
कुठली फाइल, कुठल्या रूपात, ठेवायची कुठे.
एक टिंब इकडचं तिकडे झालं
की तुसडेपणाने एकच ओळ तोंडावर फेकते:
अशी फाइल नाही.
नाही कशी? मी होते तिथे,
चौथ्या रांगेत, हाल्लाच्या शेजारी.
तिनं फोन उभा धरला होता.

उभा. म्हणून चर्चची भिंत उभी, पास्टर उभा,
केतिलकाकाच्या पेटीचं फक्त एक टोक.
बोटीवरचा टीव्ही आडवा.
दोन्ही बाजूंना काळं भरावं लागतं.
मी आकडे लिहिते, सातशे वीस, पाचशे शहात्तर,
मधे उरते एक अरुंद पट्टी,
दार किलकिलं राहिल्यासारखी.

बाबा त्या बोटीवर आचारी.
निरोप पोचला तेव्हा चार दिवस लांब होते, जाळं पाण्यात.
आचाऱ्याच्या भावासाठी बोट कुणी वळवत नाही.
काल आले. मी फोन पुढे केला.
"इथे नको," म्हणाले. "तिकडे बघेन."
तिकडे म्हणजे जेवणघरातला तो डीव्हीडी प्लेअर,
चमच्याने उचकटल्याशिवाय जो तोंड उघडत नाही.

हाल्लाचा फोन सेकंदाला तीस चित्रं टिपतो.
त्या प्लेअरच्या घशाखाली पंचवीसच उतरतात.
दर सेकंदाला पाच जातात.
कुठली, ते यंत्र ठरवतं, मला विचारत नाही.
पास्टरची मूठ उघडतानाचं एखादं,
काकूच्या पापणीचं एखादं.
हिशेब केला: बावीस मिनिटांत सहा हजार सहाशे.
कुणालाही कमी भासणार नाहीत.
मला आता तेवढीच दिसताहेत.

पहिल्या खेपेला आवाज मागे पडला.
माती पडली
आणि मग, अर्ध्या सेकंदाने, वाजली.
वाटलं, राहू द्यावं,
बाबांपर्यंत सगळं असंच तर पोचतं.
तरी दुरुस्त केलं.

शेवटी हाल्ला फोन बंद करायला विसरली होती.
सतरा सेकंद. खडी, बूट, कुणाच्या तरी छत्रीचं टोक,
आणि कुणीतरी म्हणतं,
चाळीस वर्षं होड्या बांधल्या त्यानं,
आत्ता असता तर म्हणाला असता पेटीचा सांधा सैल आहे.
आणि काकू हसते. चांगली मोठ्यानं.
कापायला एकच आकडा पुरे होता.
लिहिला. खोडला.

मग पुढचा हुकूम, आणि दोन कप्पे तयार होतात.
एकात चित्रं, आवाज, सगळंच.
दुसरा आवाजाच्या नावाचा, पण रिकामा.
काही जुनी यंत्रं म्हणे तो नसला
तर तबकडीच ओळखत नाहीत.
ठेवला. आपलं काय जातं.

तबकडी सगळ्यात कमी वेगावर लावली,
बाबांचा रस्सा असतो तशी, मंद आचेवर.
पावणेतीनला बाहेर आली, कोमट.
वर काय लिहावं सुचेना. तारीख लिहिली.
बाबांनी ती स्वेटरच्या आत सरकवली.
"चालेल ना त्यावर?" मी विचारलं.
"न चालायला काय झालं. चमचा आहे."

तीन आठवड्यांनी सॅटेलाइट फोन, सगळी खरखर.
"लागली तबकडी. बटाटे सोलताना बघितली.
पोरं टोप्या काढून बसली होती."
मग बराच वेळ नुसता वारा.
"शेवटचा भाग रोज लावतात."
"कुठला शेवटचा?"
"खडीवरचा."
आणि मग, अर्ध्या सेकंदाने,
"ब्योर्ग, सांधा खरंच सैल होता का गं?"